गॅलियम आणि बाबांचा डबा

मूलद्रव्यं जमवायचा नाद मला बाबांनी लावला, आणि त्यांना मूलद्रव्य हा शब्दही माहीत नव्हता. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत ते कामाला होते. एकदा घरी येताना त्यांनी खिशातून एक काळाकुट्ट, आकाराच्या मानानं फार जड दगड आणून माझ्या हातावर ठेवला. पुढे मी भंडाऱ्यात विज्ञानाचा मास्तर झालो आणि नाद वाढत गेला. फुटक्या बल्बातली टंगस्टनची तार, जुन्या सेलचं जस्ताचं कवच, कारध्याच्या ढिवरानं मासे धरायच्या जाळ्यातून सोडवून दिलेली शिशाची गोळी. भंगारात जे मिळेना ते ऑनलाइन मागवायचो. माझ्याबरोबरचे मास्तर प्लॉट घेत होते, मी बिस्मथ घेत होतो. हौसेला मोल नसतं, असं मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "हौसेले नसन, कुरिअरवाल्याले असते."

बाबा गेल्यावर माय आमच्याकडे राहायला आली. येताना तिनं दोन लुगडी आणि बाबांचा जेवणाचा डबा आणला. जर्मनचा, म्हणजे आपल्या अ‍ॅल्युमिनियमचा, उंच, कडीचा. खाणीत सगळ्यांचे डबे सारखेच, म्हणून भांडेवाल्याकडून छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांत नाव घालून घेतलेलं. मायला वाचता येत नव्हतं. पण ठिपक्यांवरून बोट फिरवलं की हा आपल्याच माणसाचा, हे तिला कळायचं. इतकी वर्षं दर शनिवारी ती तो डबा राखेनं घासत आली होती, आणि बाबा गेल्यावरही तिनं शनिवार सोडला नाही.

माझं काचेचं कपाट बघून ती म्हणाली, "लोकं सोनं जमवतेत, माहा पोरगा भंगार." मग थोड्या वेळानं, "बाबाचा डबा बी धातूच आहे ना? ठेव मंग यात. इथं तरी कोणी त्याच्यात चटणी भरणार नाई."

मी हरखलो. तेरा नंबरचं अ‍ॅल्युमिनियम, असं लेबल लिहिलं. डबा उंच, वरच्या कप्प्यात मावेना, म्हणून सगळ्यात खाली ठेवला. त्याच्या बरोबर वर, जाळीच्या कप्प्यात, गॅलियमची काचेची बाटली होती. गॅलियम ही फार लाडाची चीज. तळहातावर धरली की वितळते. आमच्या उन्हाळ्यात तर ती कपाटातल्या कपाटात पाणी होऊन बसायची आणि थंडीत पुन्हा गोठायची. गोठताना ती फुगते. त्या जानेवारीत बाटलीला केसाएवढी चीर गेलेली मला दिसली. मी वरून चिकटपट्टी लावली. नवी बाटली आणू, म्हटलं. मग शाळेचं गॅदरिंग आलं, परीक्षा आल्या, आणि ते राहून गेलं.

मे महिन्यात आम्ही सगळे एकोडीला मामाकडे लग्नाला गेलो, ते पंधरा दिवस तिकडेच राहिलो. परत आलो तो दिवस शनिवार होता. मायनं पिशवी ठेवली, पदर खोचला आणि कपाटातून डबा काढून मोरीवर बसली. मी चहा घेत होतो.

"बाबू," तिनं हाक मारली. आवाज नेहमीसारखाच होता.

डब्याच्या अंगातून तिचा अंगठा आरपार गेला होता. नावाचा सगळा भाग भाजलेल्या पापडासारखा मोडून तिच्या मांडीवर पडला होता, आणि तिची बोटं काळपट झाली होती. ती तुकडे जुळवायला गेली की त्यांचे आणखी तुकडे होत होते.

मी कपाटाकडे वळलो. चिकटपट्टी सुटली होती. बाटली अर्धी रिकामी होती आणि खालच्या फळीवर चांदीसारखा एक थेंब चमकत होता. गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या आत शिरतं आणि ते ठिसूळ करून टाकतं. हे मी वर्गात सांगत आलोय, फळ्यावर आकृती काढून. ओरखडे असले की ते आणखी लवकर शिरतं. डब्याच्या अंगावरून ओघळून ते छिन्नीच्या ठिपक्यांतून शिरलं होतं.

"मीच घासू घासू सरवला," माय म्हणाली. "बाबा म्हणे, इतका नको घासत जाऊ वं. मी आयकली नाई."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, माय, तू नाही, मी. पण माझ्या तोंडून निघालं, "जुना झाला होता, माय." मी तो थेंब बोटानं पुसून घेतला. तिला दिसू नये म्हणून पुसला. त्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर तिनं राखेला हात लावला नाही. भांडी नुसती पाण्यातून काढायची. तेलकट राहायची, बायको कुरकुरायची. पाहुण्यांना ती स्वतःच सांगे, माहे हात लई कडक आहेत, नवऱ्याचा डबा खाल्ला मी. लोक हसत. मीही हसल्यासारखं करत असे.

दिवाळीनंतर एकदा तिनं मला समोर बसवून विचारलं. "तू तं शिकवते पोराईले. खरं सांग, राखेनं भांडं झिजते का?"

मी म्हटलं, "झिजते माय. हळूहळू झिजते."

हे मी का बोललो? स्वतःला वाचवायला, दुसरं काय. तिनं मला कधी मारलंदेखील नव्हतं. खरं सांगितलं असतं तर चार दिवस अबोला धरला असता आणि पाचव्या दिवशी भाकर वाढली असती. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं. आज सांगू, उद्या सांगू करत गेलो.

पौषात तिनं अंथरूण धरलं. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होतो. तिला झोप लागली असं वाटलं, तर डोळे मिटल्या मिटल्या ती बोलली.

"बाबाची भेट झाली तं तो डबा मागन. काय सांगू गा त्याले? सांगू का, मीच घासू घासू सरवला?"

खोलीत दुसरं कोणीही नव्हतं. मी तिचे पाय चेपतच राहिलो.

"तो नाई रागावत, माय," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. दोन दिवसांनी, सकाळी, ती गेली.