हरपालच्या विहिरीमागचं पीलू

सूर्यकांतकाका दिल्लीत सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. दर रविवारी सरोजिनी नगरहून बसने नोएडाच्या शेतांत फुलपाखरं मोजायला जायचे. आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे पसरलेला कोरडा प्रदेश इथवर पोचतो, असं ते सांगत. पुरावा म्हणजे पीलूच्या झाडावर वाढणारं एक फिकट गुलाबी फुलपाखरू.

वहीत जागा मात्र ते झाडांवरून लिहीत: ‘हरपालच्या विहिरीमागचं पीलू.’

“काका, सेक्टरचा नंबर लिहा की,” मी एकदा म्हणालो.

“नंबर आज आहेत, उद्या बदलतील. झाड कुठे जातंय?”

शहाण्णव साली झाडं तोडली जाऊ लागली, तेव्हा त्यांनीच फोन केला. “रविवारी ये यार. मी जागा दाखवतो, तू नंबर लिही.”

मी एम.ए. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. पुढच्या रविवारी येतो, म्हणालो. असं तीनदा म्हणालो.

मार्चमध्ये काका गेले. वृंदाकाकूंनी वही मला दिली. तीत एकशे चार झाडं आहेत.

माझं ऑफिस नोएडातच आहे. काल बाहेरच्या म्हाताऱ्या चहावाल्याला मी हरपालची विहीर विचारली.

“कौन सा सेक्टर?” तो म्हणाला.