मंगळवारच्या आधीचा फोटो

माझे सासरे, फ्रेडरिकडॅडी, गिरीज गावचे. वसईतल्या लग्नांचे फोटो काढण्यात त्यांची हयात गेली. माणूस लाख चांगला, पण कॅमेऱ्याचा विषय निघाला की डोक्यात जातो. फोनवर काढलेल्या फोटोला ते फोटोच म्हणत नाहीत. कोणी कौतुकाने दाखवला तर मान हलवून म्हणतात, "असू दे, आठवण म्हणून ठेव." यावरून आमची बऱ्याचदा जुंपलेली आहे.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या सासूबाईंच्या, थेरेसामम्मींच्या, तोंडातली गाठ कॅन्सरची निघाली. डावीकडचा खालचा जबडा काढावा लागणार होता. सोमवारी दाखल व्हायचं, मंगळवारी ऑपरेशन. जीव वाचेल, पण चेहरा पूर्वीचा राहणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. घरी येताना रिक्षात मम्मी एवढंच बोलल्या, "त्याआधी माझा हसताना एक फोटो पाहिजे. बाळाला आजीचं हसू दिसलं पाहिजे ना."

माझ्या बायकोला, रोवेनाला, तेव्हा पाचवा महिना होता. तिने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

रविवारी सकाळी आम्ही आमच्या चंदनसारच्या घरून गिरीजला पोचलो तेव्हा डॅडींनी अंगणाचा स्टुडिओ करून टाकला होता. दिव्यांचे दोन स्टँड, त्यांवर दोन पांढऱ्या छत्र्या, मागे केळीचा हिरवा पडदा. शिवाय एका दिवसासाठी भाड्याने आणलेली लेन्स. तिच्या किमतीत चांगली स्कूटर आली असती. हात लावू का, असं विचारायचीही माझी छाती झाली नाही.

आमच्या हातात वेळ थोडा होता. मम्मींचं तोंड आता बोटभरच उघडायचं. दुखण्याची गोळी घेतली की दोन तास जरा मोकळं व्हायचं, मग पुन्हा सगळं आवळून यायचं. नऊला त्यांनी गोळी घेतली आणि ठेवणीतली साडी नेसून त्या खुर्चीवर बसल्या.

साडेनऊपर्यंत डॅडी छत्र्याच हलवत होते. मग ऊन पानांतून मम्मींच्या गालावर पडायला लागलं म्हणून खुर्ची सरकवली. मग छत्र्या पुन्हा हलवल्या. मी मनातल्या मनात दात खात होतो. दहाला पहिला फोटो निघाला. त्यानंतर एकामागून एक निघत गेले आणि प्रत्येकात मम्मी ओठ घट्ट मिटून समोर बघत होत्या. पापणीचा केस न् केस दिसत होता. हसू तेवढं नव्हतं.

"मम्मी, जरा हस ना," रोवेना म्हणाली.

"हसतेय की."

मी विनोद सांगून पाहिला. तो पडला. डॅडींनी लेन्स बदलली, पुन्हा तीच लावली. साडेदहा वाजले. मम्मींनी गालाला हात लावला तसं मी घड्याळ पाहिलं.

"थेरेसा, एकदाच!" डॅडी ओरडले. "एवढं सगळं आणलं मी, आणि तुला साधं हसता येत नाही?"

"नाही येत!" मम्मीही चिडल्या. "लग्न झाल्यापासून नवीन कॅमेरा आणला की मला समोर बसवायचास. हनुवटी खाली, ओठ मिटून, दात दाखवायचे नाहीत. नवरीने असं बसावं, असं घोकून घेतलंस माझ्याकडून. तो डबा समोर आला की माझे ओठ आपोआप मिटतात. आता मी काय करू?"

वसईतल्या कितीतरी नवरी मुलींना डॅडींनी असंच बसवलं होतं आणि लोकांनी ते फोटो कौतुकाने भिंतीवर लावले होते. ते कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून उभे राहिले. मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

"तो काढून ठेव," मम्मी म्हणाल्या, "आणि माझ्याजवळ येऊन बस."

"मग फोटो कोण काढणार?"

"व्हिव्हियन काढेल," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

डॅडींनी माझ्याकडे असं पाहिलं की कॅमेरा माझ्या हाती मिळणार नाही हे कळलं. मी खिशातून फोन काढला. एरवी यावर अर्धा तास व्याख्यान झालं असतं. त्या दिवशी ते मुकाट्याने स्टुलावर बसले.

आणि बसता येईना त्यांना! हात मांडीवर ठेवले, उचलले, छातीशी बांधले, पुन्हा सोडले. उभ्या जन्मात कॅमेऱ्याच्या या बाजूला बसायची वेळच आली नव्हती.

"मान जरा डावीकडे, साहेब," मम्मी त्यांच्याच सुरात म्हणाल्या. "खांदे सैल. हनुवटी खाली. ओठ मिटून."

डॅडींनी खरंच मान वळवली, हनुवटी खाली घेतली, ओठ मिटले. शाळेत शिक्षा झाल्यासारखे बसले. आणि मम्मी हसल्या. सगळे दात दिसतील अशा, मान मागे टाकून, डॅडींच्या खांद्यावर थाप मारत. मी फोनचं बटण दाबत सुटलो. पुढच्याच क्षणी कळ आली आणि दोन्ही हातांनी गाल धरून त्या वाकल्या. अकराला पाच मिनिटं कमी होती.

एकच फोटो बरा आला होता. बराही कसला, थाप मारणारा हात पुसट, डॅडींची एक चप्पल कापलेली. डॅडींनी तो खूप वेळ पाहिला. फोन परत देताना म्हणाले, "मला पाठव." एवढंच. मला त्यांना डिवचायचा मोह झाला नाही.

ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी मम्मी घरी आल्या. नाकात नळी, बोलणं बंद, तोंडावर डोळ्यांपर्यंत ओढणी. आरशांवर त्यांनी रोवेनाला टॉवेल टाकायला लावले होते. डॅडींनी तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. तो बघून मम्मींना वाईट वाटेल म्हणून काढून ठेवू का, असं मी डॅडींना विचारलंही होतं. पण त्यांचं ठरायच्या आतच उशीर झाला. मम्मी फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मग त्यांनी खुणेने वही मागितली. लिहून डॅडींच्या हातात दिली.

"तुझे डोळे मिटलेत यात. पुन्हा काढायला हवा."

मग त्या खुर्चीवर जाऊन बसल्या, बाजूचं स्टूल पायाने पुढे ओढलं आणि तोंडावरची ओढणी स्वतःच खाली घेतली.