माझ्या नावाची हलकी काठी

माझ्या यजमानांचा खांदा मोडला तो त्यांनीच बांधलेल्या, नाल्यावरच्या मोरीवरून पडून. ते रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते आणि आम्ही तेव्हा आरमोरीला राहत होतो. मोरीच्या एका बाजूचा कठडा बांधून झाला होता. तो सरळ रेषेत आलाय का, हे पाहण्यासाठी ते एकेक पाऊल मागे सरकत गेले. दुसऱ्या बाजूचा कठडा अजून व्हायचा होता. कठडा सरळच आला होता, असं त्यांनी दवाखान्यात मला सांगितलं.

हाड जुळलं, पण उजवा हात कानाच्या वर जाईना. ऑफिसचं काम त्यानं अडलं नाही. अडली ती मासेमारी. त्यांच्याकडे जंगलखात्याच्या एका जुन्या साहेबानं जाताना विकलेली गळाची काठी होती. दोन्ही हातांनी धरायची, आमच्या दारातून आडवी न जाणारी. ती ज्या माशासाठी बनवली होती तो मासा वैनगंगेत नव्हता. तरी खांदा धड होता तोवर त्यांनी ती चालवली. आता ती उचलून पाण्याकडे रोखली की हात थरथरायला लागे आणि ते माझ्याकडे न पाहता ती खाली ठेवत.

शेजारच्या बाईंनी सुचवलं की यजमानांनी कणकेची गोळी लावून गळ टाकावा आणि स्वस्थ बसावं, त्याला ताकद कशाला पाहिजे. यजमानांना ते पटलं नाही. नुसती वाट पाहायची तर ती मी ऑफिसात पाहतोच, असं ते म्हणाले. त्यांची मासेमारी चमच्याची होती. चमचा म्हणजे चमच्याच्या आकाराचा पितळेचा चकचकीत तुकडा, शेपटीला तीनतोंडी गळ. तो लांब फेकायचा आणि रिळावर दोरी गुंडाळत ओढून घ्यायचा. पाण्यात तो मासोळीसारखा लकाकतो, मरळ त्याच्यावर झडप घालते. निदान घालावी अशी अपेक्षा असते. घातली नाही की पुन्हा फेकायचा. सकाळभर हेच चालतं, म्हणून काठी हलकी हवी.

आधी त्यांनी बांबूची करून पाहिली. आमच्याकडे बांबूला तोटा नाही. पण जो बांबू हलका तो लवत नव्हता, आणि काठी लवली नाही तर चमचा उडत नाही. अंगणातून एकदा तो उडाला, पण उलट्या दिशेला, आणि आमच्याच छपराच्या कवेलूंत जाऊन रुतला. तो काढायला माणूस वर चढवावा लागला. त्यानं चमचा काढून दिला आणि मासे धरायला घरावर गळ काऊन टाकला, असं अगदी मनापासून विचारलं. यजमानांनी त्याला नीट समजावून सांगितलं. त्यानंतर बांबूचा विषय निघाला नाही.

हिवाळा सुरू झाल्यावर आम्ही चांद्याला गेलो. तिथे शिकारीचं सामान विकणारं एक दुकान होतं. काडतुसं, बॅटऱ्या, सापळे, आणि मागच्या बाजूला साहेबांच्या काळातला उरलेला माल. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. यजमानांनी गरज सांगितली. चाचांनी खांद्याची चौकशी केली, मोरीची केली, आणि चहा मागवला.

पहिली काठी पोलादी निघाली. ही घ्या साहेब, तुमच्या मागून तुमचा पोरगाही वापरन, असं चाचा म्हणाले. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. यजमानांनी ती हातभर पुढे धरली आणि तशीच धरून उभे राहिले. परीक्षेची ही त्यांची पद्धत होती. सायकलचा दिवा घेतानाही त्यांनी दुकानदाराला असंच ताटकळत ठेवलं होतं. चहा यायच्या आत काठीचं टोक जमिनीला टेकलं. दुसरी काठी चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली, रेशमाच्या दोऱ्यानं बांधलेली, दिसायला फार सुरेख. ती हाताला जड नव्हती, पण टोकाला जड होती. यजमानांनी मला समजावलं की काठीचं खरं वजन मुठीत कळत नाही, ती पुढे ओढते तिथे कळतं. मी हो म्हटलं. एवढ्या काठ्यांतली एक घेऊन संध्याकाळची मोटार गाठावी, इतकंच माझं म्हणणं होतं.

तिसरी काठी चाचांनी आपण होऊन आणली नाही. ती कोपऱ्यात कापडी पिशवीत उभी होती, यजमानांनीच बोट दाखवलं. दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, तीही चिरलेल्या बांबूचीच, पण आधीच्या दोन्हींपेक्षा आखूड आणि बारीक. चाचांनी टोकाला दोरा बांधून त्याला एक लहानसं कुलूप अडकवलं. काठी टोकापासून मध्यापर्यंत वाकली आणि कुलूप काढताच सरळ झाली. यजमानांनी ती पुढे धरली. चहा आला, पिऊन झाला, कप परत गेले. हात हलला नाही. कित्येक महिन्यांत मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता.

तेवढ्यात चाचांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की ही एका मडमेसाठी खास मागवली होती. ती न्यायला येण्याआधीच साहेबासोबत देश सोडून गेली.

यजमानांनी काठी खाली ठेवली. जराशानं ते म्हणाले की पोलादीच बरी, टिकाऊ वस्तू आहे. आणि ती पुन्हा हातात घेऊन पाहिली. टोक पुन्हा खाली जायला लागलं.

तेव्हा मी म्हटलं, "ती बारीकवाली मले घ्या."

"तुले? तू काय करशील तिचं?"

"तुमच्यासंग येईन नदीवर."

मी तोवर मासा फक्त ताटात पाहिला होता. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. चाचा म्हणाले, "बाई बरोबर बोलून राह्यल्या. तसंही ते जनानीच हत्यार आहे." आणि काठी पिशवीत घालून त्यांनी माझ्या हातात दिली, यजमानांच्या नाही. मोटारीत ती माझ्याच मांडीवर होती.

त्यानंतर दर रविवारी आम्ही रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून वैनगंगेवर जाऊ लागलो. हिवाळ्यात नदी वाळूच्या मधोमध असते, काठाला घोट्याइतकं पाणी आणि खोल डोह पलीकडच्या अंगाला. चमचा तिथवर फेकावा लागतो. यजमान पाण्याशी उभे राहून विचारत, "तुझी काठी जरा पाहू का?" मी देत असे. मग दुपारपर्यंत ते जरा पाहत. हात कानाच्या खालूनच, बाजूनं फिरवून ते फेकायला शिकले आणि चमचा मजेत डोहात पडू लागला. मला मात्र जाणं चुकेना. ओव्हरसियर बायकोची काठी घेऊन एकटाच नदीवर दिसला तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा होता. मी वाळूत बसून निवडायला शेंगा बरोबर नेऊ लागले.

संक्रांतीनंतर वरोऱ्याहून माझ्या सासूबाई राहायला आल्या. कोपऱ्यातली काठी पाहून त्यांनी ही कोणाची विचारलं. यजमानांनी, हिची, असं सांगितलं. रविवारी त्याही रेंगीत बसल्या. नदीवर त्यांनी आधी पाय धुतले, मग सावली शोधली, मग बराच वेळ मुलाचं फेकणं पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "काऊन रे, काठी तिची न् तूच खेळून राह्यला? दे तिले."

यजमानांनी दिली. पहिला चमचा माझ्याच पदरात अडकला. तीन तोंडांचा गळ पदरातून काढायला दोघांना झटावं लागलं, आणि सासूबाई शेंगा निवडत होत्या. दुसरा पायाजवळ पडला. यजमान मागे उभे राहून रिळावरचा अंगठा कधी सोडायचा ते सांगत होते, आणि नेमका ते सांगायचे थांबले तेव्हा चमचा दूर गेला. काठी हातात जिवंत असल्यासारखी वाटली. पुन्हा फेकावंसं वाटलं. त्या दिवशी मासा लागला नाही, आणि घरी जायला उशीर माझ्यामुळे झाला.

मासा लागला तो सासूबाई वरोऱ्याला परत गेल्यावर. चमचा ओढताना मधेच दोरी थांबली. मला वाटलं दगड. मग दगड बाजूला निघाला. काठी वाकली ती थेट मुठीपर्यंत, आणि मी यजमानांना हाक मारायचं विसरले. ते धावत आले आणि काठीला हात न लावता उभे राहिले. त्यांना किती जड गेलं असेल, हे मला नंतर कळलं. "ओढू नको," एवढंच ते म्हणत होते, "तिले थकू दे." मरळ वाळूवर आली तेव्हाही काठी माझ्याच हातात होती.

ती मी रांधली. जेवताना यजमान म्हणाले की काठीची पारख महत्त्वाची, आपण चांद्यात इतका वेळ काढला ते उगीच नाही. मी वाढत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात ते ऑफिसच्या कामानं एकटेच चांद्याला गेले आणि दिवसभर चाचांच्या दुकानात बसले. चाचांनी होत्या तेवढ्या सगळ्या काठ्या काढल्या. यजमान रिकाम्या हातानं आले. तशी एकही नाही, ते म्हणाले, मडमाच येत नाहीत आता. मग आम्ही पाळी ठरवली. ज्याची दोरी तुटून चमचा पाण्यात जाईल त्यानं काठी दुसऱ्याला द्यायची आणि वाळूत बसायचं. यजमानांना खोल डोहात, खडकांच्या फटीशी फेकायचा सोस होता, त्यामुळे ते बरेचदा वाळूत असत. बसल्या बसल्या ते मला सूचना देत. मी अर्ध्या ऐकत असे. शेंगाही त्यांनी निवडायला घेतल्या, पण त्यात त्यांना गती नव्हती.