शिवण्णासाठी म्हैसूरची पानं

फौजेत असताना लडाखमध्ये मी दोन वेळा पोस्टिंग काढलं. त्यामुळे घरात लडाखला जायचं ठरलं तेव्हा प्लॅन मीच करणार, असं धरून चाललो होतो. डॉक्टरांनी माझं हृदय तपासलं आणि सरळ मनाई केली. आता जाणार होते मुलगी, जावई रवी आणि बायको. बायको! उटीच्या थंडीत जिला दोन शाली लागल्या, ती खिंड ओलांडणार आणि मी म्हैसूरला कुंड्यांना पाणी घालणार. माझा नुसता जळफळाट झाला.

रविवारी नाश्त्यानंतर टेबलावर नकाशा पसरला. बायको बैलकुप्पेच्या तिबेटी बाजारातून आणलेली लोकरी टोपी घालून बसली होती. ऐन उन्हाळ्यात, केवळ मला दाखवायला.

"मामा, पहिल्या दिवशी विमानाने लेह," रवी म्हणाला. "दुसऱ्या दिवशी खिंड. पलीकडे उतरलो की तुमच्या पलटणीचं मेमोरियल. दहा मिनिटं पुरेत."

"लेहला आधी विश्रांती. मगच वर," मी म्हणालो.

"मीही दोनदा जाऊन आलोय. मला काही होत नाही," रवी म्हणाला.

"अय्यो, सुम्मने, गप्प बसा हो," बायको म्हणाली. "तुम्हाला जायला मिळत नाही, म्हणून खोडा घालताय."

तेही खोटं नव्हतं. पण 'मला काही होत नाही' हे मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. घरात कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

लान्स नायक शिवण्णा आमच्या म्हैसूरजवळच्या पिरियापट्टणचा, तंबाखू पिकवणाऱ्या घरातला. पोस्टवर कन्नड बोलणारे आम्ही दोघेच. मी सुटीवरून परतताना बायको ओल्या फडक्यात विड्याची पानं बांधून द्यायची. अर्धी वाटेतच काळी पडायची. उरलेल्यांचा फडशा शिवण्णा पाडायचा. "हवालदार साब, तुमची नाही, अत्तिगेच्या पानांची वाट बघतो," म्हणायचा. अत्तिगे म्हणजे वहिनी. पुढच्या सुटीत तो आमच्याकडे जेवायला येणार होता.

नियम साधा होता. सुटीवरून आलेला जुना जवानही नवाच धरायचा. खालच्या कॅम्पमध्ये थांबून शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यायची, मग वर जायचं. त्या वर्षी बर्फ लवकर पडलं. खिंड बंद होण्याआधीची शेवटची गाडी निघत होती. "माझे दिवस पुरे झालेत, मला काही होत नाही," असं सांगून सुटीवरून परतलेला शिवण्णा गाडीत चढला. दिवस पुरे झाले नव्हते.

पोस्टवर आला तेव्हा खोकत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत घरघर सुरू झाली, ओठ निळे पडले. ऑक्सिजन लावला. मी रेडिओवर बसलो.

"कॅज्युअल्टी एक. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"नेगेटिव्ह. हवामान खराब. पेशंटला खाली आणा. ओव्हर."

"रॉजर. आउट."

स्ट्रेचर उचलून आम्ही उतरायला लागलो. बर्फ गुडघ्यापर्यंत होतं. खालचा कॅम्प दिसू लागला तेव्हा मागच्या जवानाने हाक मारली. स्ट्रेचर खाली ठेवलं. शिवण्णा गेला होता.

रवीने टेबलावरचं पेन उचललं, नकाशावर लेहपुढे विश्रांतीचे दिवस लिहिले आणि मेमोरियलपुढची दहा मिनिटं खोडली. बायकोने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझी पानं खायचा, तोच?"

"तोच."

निघायच्या दिवशी तिने बाजारातून पानं आणली आणि ओल्या फडक्यात बांधली. मी सांगितलं नव्हतं.

मेमोरियलवरून मुलीने व्हिडिओ कॉल लावला. बायको भिंतीवरच्या नावांवरून बोट फिरवत होती. एका नावाशी थांबली. चपला काढल्या, पुडकं सोडलं, त्यातल्या त्यात हिरवी पानं निवडून नावाखाली ठेवली.

"ऊटक्के बरलेइल्वल्लप्पा नीनु," ती म्हणाली. जेवायला आलाच नाहीस रे बाबा.

मग ती तिथेच खाली बसली, फोनकडे पाठ करून, आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिली. मला काही ऐकू येईना. मला तिचा हेवा वाटला, फार वाटला. त्या दोघांची भेट मी घालून देणार होतो.