बियाण्याच्या पिशव्यांची गोधडी

आमच्या हसनाबादच्या नर्सबाई काही सांगायच्या तर दोन्ही हात पुढं करायच्या. डावा पंजा उघडा: "हे माहीत हाय." उजव्या हाताची मूठ: "हे माहीत न्हाई." बायका हसायच्या. सगळ्यात मोठ्यानं मी. आठवी पास होते ना! गावात आपल्याइतकी शहाणी आपणच.

तेव्हा कपाशीचं बियाणं कापडी पिशव्यांत यायचं, विषारी औषध चोळून गुलाबी केलेलं. पेरणी झाली की मी पिशव्या धुऊन गोधडी शिवायचे. माझी थोरली पाच महिन्यांची होती. पिशवीवरचं बोंडाचं चित्र बरोबर तिच्या डोक्याखाली येईल, असे टाके मी घातले होते. केवढी कलाकार!

बाई डोस पाजायला आल्या तेव्हा पोरगी गोधडीचं टोक चोखत होती.

"ही काढ गं, सूनबाई."

"का? धुतलीय की! कोणी मेलं का हिच्यानं?"

"न्हाई. धुऊन कितीक राह्यलं, तेवढ्यानं लेकराला काही होतं का, माहीत न्हाई." मूठ. "पण औषध इषारी हाय, आन् लेकरू चोखून राह्यलं. हे माहीत हाय." पंजा.

"माहीत न्हाई तर मंग भेव कशाला दाखवता?"

"भेव न्हाई गं. दुसरी गोधडी टाकायला काय जातं, येवढंच."

मला हो किंवा नाही, एकच पाहिजे होतं. म्हणून गोधडी घेऊन थेट नवीन जालन्यात बियाण्याच्या दुकानी गेले. दुकानदार म्हणाला, "बिलकुल काही होत न्हाई, वहिनी!" आणि काउंटरवरची गोधडी फूटपट्टीच्या टोकानं माझ्याकडं सरकवली.

बोटसुद्धा लावलं नाही!

घरी आल्यावर ती गोधडी पोरीखाली परत घातली नाही, पण बाईंना सांगते कशाला? दोनच दिवसांत पोरीच्या गालावर पुरळ उठलं, तेव्हा मात्र रडत धावले.

"गोधडीनंच झालं ना, बाई?"

'हो' म्हणाल्या असत्या तर माझी चांगली जिरली असती आणि सगळ्या गावानं त्यांचं ऐकलं असतं. बाईंनी गाल नीट पाहिला आणि मूठच पुढं केली. "घामोळं बी असंल. खोटं कशाला सांगू?"

त्या मुठीवर माझा भरवसा बसला तो तेव्हा. बाईंनी आपलं जुनं लुगडं दिलं, त्याची गोधडी आम्ही दोघींनी शिवली. मग मीच घरोघर दोन्ही हात पुढं करत हिंडले. बायका मला हसल्या. हसू दिलं, पण पिशव्यांच्या गोधड्या पाळण्यांतून निघाल्या.

पोरगी आज दोन लेकरांची आई आहे, ठणठणीत. गोधडी बदलली म्हणून? मूठ!

बाईंची बदली झाली तेव्हा एसटीपर्यंत पोचवायला गेल्ते. गाडी हलली तशी मी ओरडले, "बाई, परत येताल ना?"

खिडकीतून एकच हात बाहेर आला. मिटलेला. वळणापर्यंत दिसत होता.

बाई परत आल्या नाहीत. पण खोटं काही बोलल्या नव्हत्या.