नासरुलने स्वतःचेच कॉलम फोडले

तुझे आजोबा दिवसाला चारशे रिंगा वाकवायचे, हे सगळ्यात आधी लिही. चारशे! अख्ख्या पाडांग शहरात दुसऱ्या कुणाला तीनशेही जमत नव्हत्या. कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून लोखंडाचा चौकोन घालतात ना, तीच रिंग. लाकडी फळीवर ठोकलेले खिळे, हातात पाइपाचा दांडा, चार झटके मारले की झाली रिंग तयार. लोक त्यांना नासरुल रिंगच म्हणायचे. माझी आई कुठल्या जावयाला चांगलं म्हणेल तर शपथ, पण बाजारात तीसुद्धा "आमचा रिंगवाला" म्हणून मिरवायची.

मग तो भूकंप झाला. मोठा नव्हे, त्याच्या दोन वर्षं आधीचा. कापडबाजारातलं एक दुमजली दुकान खाली बसलं. आत कुणी नव्हतं, अल्लाची कृपा. त्या दुकानाच्या रिंगा यांच्याच हातच्या. बघायला म्हणून गेले आणि परत आले. मी मटणाचं रेंदांग केलेलं गं, दुपारभर ढवळून, आणि हा माणूस ताटाला हात लावेना.

"उदा, झालं तरी काय?" मी विचारलं. आमच्यात नवऱ्याला, थोरल्या भावासारख्या माणसाला उदाच म्हणतात.

त्यांनी माझा हिराचा खराटा उचलला, त्याची दोरी सैल केली आणि जमिनीवर उभा दाबला. सगळ्या काड्या भसकन फाकल्या.

"कॉलमच्या सळया अश्शा फाकल्यात," म्हणाले. "रिंगेची टोकं मी नुसती काटकोनात दुमडत आलो. वरचं काँक्रीट सोलून पडलं, की ती टोकं उघडतात. टोक पार आत वळवायला हवं, कॉलमच्या पोटात. आणि रिंगा जवळजवळ हव्यात. त्याला वेळ लागतो. मी तो वाचवत होतो."

"तेव्हा सगळेच तसं करायचे ना?"

"सगळ्यांचं सगळे बघतील. मुलींची शाळा मी केलीय."

तुझी धाकटी मावशी, देस्मी, तेव्हा त्याच शाळेत वरच्या मजल्यावर बसायची. माझ्या हातातला डाव हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेत. मोठ्या बाई युस्निदार, आणि शेजारी हाजी बुस्तामी. शाळा बांधायचं काम त्यांनीच घेतलेलं.

"उदा नासरुल, इमारत तर ताठ उभी आहे," बाई म्हणाल्या.

"पोटात दुखत असलं तरी माणूस ताठ उभा राहतो, बाई. एक कॉलम फोडून बघू द्या. बरा निघाला तर माझ्या पदरचं सिमेंट घालून बुजवतो."

हाजी हसले. "अरे, म्हातारचळ लागला का तुला? स्वतःच्या नावावर कुणी छिन्नी मारतं? उद्या तुला कोण कामाला बोलावेल?"

"नका बोलावू. हात माझे होते, हाजी. तुम्ही गाडीत बसून होतात."

मी यांचा सदरा मागून ओढला. घर यांच्याच कामावर चालायचं, आणि हाजींचा शब्द साऱ्या शहरात चालायचा. पण बाई उठल्या आणि म्हणाल्या, "फोडा. माझ्यासमोर फोडा."

जिन्याखालचा कॉलम फोडला. रिंगा वीतभराहून लांब लांब, टोकं काटकोनात. यांनी पक्कड लावली, तर टोक असं उघडलं, जसं पानाचा विडा सुटावा. बाईंनी त्याच दिवशी वरचा मजला बंद केला.

विद्यापीठातला एक इंजिनियर आला, त्याने हिशेब करून दिला. रमजानच्या सुट्टीभर काम चाललं. जुन्या कॉलमभोवती नव्या सळया, चार-चार बोटांवर रिंगा, प्रत्येकीची टोकं आत, वर नवं काँक्रीट. कॉलम दिसायला जाडजूड झाले, पोरी त्यांना हत्तीचे पाय म्हणायच्या. रिंगा सगळ्या यांनी वाकवल्या, एकही दुसऱ्याला वाकवू दिली नाही. संध्याकाळी रोजा सोडायला मी नारळाच्या दुधातली केळी घेऊन जायची. हाजींनी मात्र वर्षभर यांना एकही काम दिलं नाही. आम्ही भाजी विकली.

आणि मग मोठा आला. संध्याकाळचे पाच वाजून गेलेले, देस्मी जादा तासाला वर बसलेली. मी शाळेपर्यंत कशी पळाले, मला आठवत नाही. भिंतींना फुलीसारख्या तिरक्या भेगा पडल्या होत्या, काचांचा चुरा, छत लोंबत होतं. पण कॉलम? जिथल्या तिथे! पोरी सगळ्या अंगणात, कुणाच्या पायात चप्पल नाही. देस्मी मला बघून म्हणते, "आमाक, माझं दप्तर वर राहिलं." मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरलं.

तिसऱ्या दिवशी हाजी बुस्तामी स्वतः चालत आमच्या दारात. "नासरुल, माझ्या बाकीच्या इमारती..."

"नऊ आहेत. कुठल्या ते मी सांगतो. माणसं द्या."

"देतो. पण लोकांना सांगू काय?"

"सांगा, नासरुलने चुकीच्या रिंगा वाकवल्या होत्या. मी पण तेच सांगणार आहे."

आणि सांगितलं गं! शाळेच्या अंगणात, शहरातल्या चाळीस गवंड्यांसमोर, खणखणीत आवाजात. एकही जण हसला नाही. सगळे पुढे सरकून बसले, टोक आत कसं वळवायचं ते बघायला. मी चहाची किटली घेऊन कडेला उभी होते. बाजूला उभी असलेली एक बाई, ताई म्हणावं तसं मला उनी म्हणत, विचारते, "उनी, हे तुमचे का हो?"

म्हटलं, "हो. माझेच."