दर गुरुवारी लायसन्स

अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनच्या घराजवळ जे व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं दुकान आहे, त्याला इंटरनेटवर बहुतेकांनी एकच तारा दिला आहे, आणि त्यांनी लिहिलेलं काहीही खोटं नाही. दुकान अकराला उघडतं असं दारावर लिहिलंय. प्रत्यक्षात ते चालवणाऱ्या बाईंच्या मनात येईल तेव्हा उघडतं. 'दहा मिनिटांत येते' ही पाटी वाचत मी पाऊण तास उभा राहिलेलो आहे. बाई साठीच्या असाव्यात. उंच स्टुलावर बसून छोट्या टीव्हीवर कसला तरी बक्षिसांचा खेळ बघतात, आणि गिऱ्हाईक आलं की आवाज कमी करायच्या ऐवजी वाढवतात. एकदा त्यांनी मला चुकीची कॉइल दिली, म्हणजे लिक्विड तापवणारी ती बारीक तार. परत घेऊन गेलो तर म्हणाल्या, खोक्यावर लिहिलेलं वाचत जा. बदलून दिली नाही ती नाहीच.

शिवाय लायसन्स. दुकानात पाऊल टाकलं की आधी ओळखपत्र दाखवायचं, एकविसाच्या आतल्याला प्रवेश नाही. माझे कानशिलावरचे केस पांढरे झालेत आणि तीन वर्षं मी दर गुरुवारी जातोय, तरी बाई माझं लायसन्स डोळ्यांजवळ धरून अथपासून इतिपर्यंत वाचतात. नाव, जन्मतारीख, पत्ता. मग माझ्या तोंडाकडे बघतात. गेल्या गुरुवारपासून माणूस बदलला तर नाही ना, अशी त्यांना शंका असावी.

ऑफिसातले मित्र विचारायचे, की अरे यार, तिथे कशाला जातोस, ऑनलाइन मागव. मी म्हणायचो, लोकल दुकानं टिकली पाहिजेत. हे वाक्य अमेरिकेत फार खपतं. निदान गेल्या उन्हाळ्यात तरी खरं कारण वेगळं होतं. ऑनलाइन मागवलं की पार्सल घेताना घरातल्या मोठ्या माणसाची सही लागते, आणि दिवसा घरात मोठं माणूस एकच होतं, माझे बाबा.

बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच असतात. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आणि चाळीस वर्षं खर्रा खाल्ला. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून करतात तो, आमच्याकडे गल्लोगल्ली मिळतो. आमच्या घरासमोरच्या पानठेल्यावरच्या माणसाची सर्व्हिस फार उत्तम. बाबा फाटकाबाहेर दिसले की तो न विचारता घोटायला घ्यायचा, गुरुजी म्हणायचा, पावसाळ्यात घरपोच द्यायचा. त्याचा परिणाम म्हणून बाबांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. उजवा गाल आत गेला आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासं झालं. पुन्हा तंबाखू लावली तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर आम्ही दोघांनी बुद्धमूर्तीपुढे बसून वंदना घेतली. पाचवं शील नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं. ते म्हणून झाल्यावर बाबांनी खर्रा सोडला आणि मी सिगारेट. त्यांनी मला शब्द द्यायला लावला आणि स्वतःही दिला. पुढे अमेरिकेत परतल्यावर मी विचार केला की व्हेपमध्ये तंबाखू नसते, नुसतं निकोटीन असतं, तेव्हा शब्द काही मोडत नाही. शब्दाचा कीस काढण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही. बायकोला हे माहीत होतं. तुझं तू बाबांना सांग, एवढंच ती म्हणाली. मी सांगितलं नाही.

ते आल्यापासून मी गाडी इंडियन ग्रोसरीसमोर लावायचो, आधी कोथिंबीर घ्यायचो आणि पिशवी हातात धरून कोपऱ्यावरच्या दुकानात शिरायचो. पलीकडच्या हायवेवर व्हेपचं मोठं चकचकीत दुकान आहे, तिथेही एकदा जाऊन आलो. तिथला पोरगेला सेल्समन मला बॉस म्हणाला, चार फ्लेवर फुकट चाखवले, हसून हसून बोलला. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात दोन बाटल्या होत्या आणि त्यांत सहाऐवजी बारा मिलिग्रॅम निकोटीन होतं. आमच्या बाईंनी मागितल्यापेक्षा जास्त काही मला कधी विकलं नाही. तेवढे कष्ट घ्यायची त्यांची तयारीच नसायची.

बाबांचा पासपोर्ट, म्हणजे त्यांचं इथलं एकमेव ओळखपत्र, मी कपाटात कुलपात ठेवला होता. इथे आलेल्या सगळ्यांच्या आईवडिलांचे पासपोर्ट असेच कुलपात असतात, हरवायला नकोत म्हणून. त्याऐवजी मी त्यांच्या खिशात एक चिठ्ठी दिली होती, माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली. रस्ता चुकले तर कुणालाही दाखवा म्हटलं. ते रोज दुपारी चालत दुकानांच्या त्या प्लाझापर्यंत जायचे आणि ग्रोसरीबाहेरच्या बाकावर बसायचे.

एका गुरुवारी मी लायसन्स पुढे केलं, तर बाईंनी ते वाचलं आणि टीव्ही बंद केला. टीव्ही बंद झालेला मी प्रथमच पाहिला. त्यांनी काउंटरखालून एक चिठ्ठी काढून लायसन्सच्या बाजूला ठेवली. अक्षर माझं होतं. म्हणाल्या, या आठवड्यात एक म्हातारा तीनदा येऊन गेला. भिंतीवरच्या तंबाखूच्या गोल डब्यांकडे बोट दाखवत होता. ओळखपत्र मागितलं तर नव्हतं, म्हणून दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा त्याने ही चिठ्ठी दिली. ओळखपत्र म्हणून चिठ्ठी चालत नाही. पण पत्ता त्यांना ओळखीचा वाटला, कारण तो त्या दर आठवड्याला वाचत होत्या. मग त्यांनी बाबांना सांगितलं, की तुमचा मुलगा दर गुरुवारी येतो, पण तो लायसन्स घेऊन येतो.

मला आधी भीती वाटली आणि मग लाज. भीती त्यांच्या जबड्याची होती, लाज माझी. बाबांचा आत गेलेला गाल पाहून बाईंनी नकार दिला की नुसता नियम म्हणून, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर खोक्यावर वाचा म्हणाल्या असत्या.

बाहेर आलो तर बाबा ग्रोसरीसमोरच्या बाकावर येऊन बसलेले होते. मी कोथिंबिरीची पिशवी हातात धरून शेजारी जाऊन बसलो.

"मले तीनदा वापस पाठवलं त्या बाईनं," ते म्हणाले. "तुले कधी पाठवलं काय?"

मी नाही म्हटलं.

मग त्यांनी आपणहून सांगितलं, की इथे दिवस सरत नाही, बोलायला कोणी नाही, आणि तोंड रिकामं असलं की आईची फार आठवण येते. मी खिशातलं व्हेपचं यंत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, वर्गात पोराकडे सापडलेली वस्तू बघावी तसं, आणि परत दिलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"पासपोर्ट राहू दे कपाटात," म्हणाले. "अन् गुरुवारी मी येतो तुया संगं."

त्यानंतर चार महिने ते माझ्याबरोबर आले. बाईंनी त्यांना एकदाही आत घेतलं नाही. बापलेक आहोत, शेजारी उभे राहू द्या, असं मी एकदा विनवून पाहिलं. म्हणाल्या, ओळखपत्र. तेव्हा बाबा काचेबाहेर उभे राहून बघायचे आणि मी आत सहाचं तीन करून मागायचो, पुढे तीनचं शून्य. शून्याच्या बाटलीत निकोटीन अजिबात नसतं. तिच्यासाठीही बाईंनी लायसन्स वाचलं, अथपासून इतिपर्यंत.

ऑक्टोबरात डलसच्या विमानतळावर मी बाबांना पासपोर्ट परत दिला. तो घेताना ते म्हणाले, ठेल्यावर हा कोणी मागत नाही. मला तेच डाचत होतं.

आता मला त्या दुकानाची गरज उरलेली नाही. तरी गुरुवारी जातो, शून्याची एक बाटली घेतो आणि बाहेर बाकावर बसून बाबांना व्हिडिओ कॉल लावतो. त्यांच्याकडे शुक्रवारची पहाट असते, ठेला उघडायच्या आतली. मी बाटलीवरचा आकडा दाखवतो. ते चष्मा लावून वाचतात. मग मी आ करा म्हणतो. ते दोन बोटं तोंड उघडतात आणि बाई लायसन्स बघतात तितका वेळ मी बघतो. तब्येत कशी, झोप लागली का, ते सगळं नंतर.

गेल्या गुरुवारी मला कॉल करायला उशीर झाला. तिकडे चांगलं उजाडलं होतं, ठेला उघडायची वेळ होऊन गेली होती. आकडा वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, आज उजेड कमी आहे, पुढच्या वेळी बघ. त्यांच्या मागच्या भिंतीवर लख्ख ऊन होतं.

मी थांबतो म्हटलं.

ते फोन टेबलावर ठेवून उठले. मला पंखा दिसत राहिला आणि मोरीतून नळाचा आवाज आला, मग चूळ भरल्याचा. एकदा, दोनदा, तीनदा. परत येऊन त्यांनी फोन उचलला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.